जिंजरब्रेड टेकडीवरची बिस्किटे

गतवर्षीच्या आश्विनात चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयता, मातोश्रींना बरोबर घेऊन, अमेरिकेतील बॉस्टन शहरी दोन महिने राहून आलो. तेथील उत्तुंग इमारतींची वर्णने वाचकांच्या वाचनात पुष्कळदा आली असतील. ती सोडून एका लहान गावाची आणि तेथील एका खाद्यपदार्थाची हकीकत येथे देत आहोत.

बॉस्टनच्या ईशान्येस १७-१८ मैलांवर मार्बलहेड हे जुने बंदर आहे. भूमी सारी खडकाळ, त्यामुळे पूर्वी गावाचे पोट कॉड नावाच्या माशावर चाले. आज बंदरात कोळ्यांच्या गलबतांपेक्षा हौशी लोकांच्या शिडाच्या नौकाच अधिक दिसतात. अरुंद, वाकड्यातिकड्या गल्ल्यांतून आम्ही जिंजरब्रेड हिल नावाच्या टेकडीपाशी गेलो. जवळच एक तळे आहे. येथे जोसेफ ब्राउन (१७५०–१८३४) व त्याची पत्नी ल्युक्रिशिया यांची खाणावळवजा मद्यशाळा होती. जोसेफची आई आफ्रिकी वंशाची, बाप तेथील मूळ रहिवाशांपैकी. स्वतः तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला. ल्युक्रिशियाबाईंच्या हातची मोठाली, मऊ, मसालेदार बिस्किटे ‘जो फ्रॉगर’ या नावाने आजही प्रसिद्ध आहेत. तळ्यातील बेडकांवरून हे नाव पडले असे गावकरी सांगतात. त्यांत अंडे नसते. मात्र समुद्राचे पाणी व रम असे. फार दिवस टिकत, म्हणून खलाशी ती समुद्रावर नेत.

या बिस्किटांचा प्राण म्हणजे मळी. आपली काकवी ती ही नव्हे. उसाच्या रसातील साखरेचे कण काढून घेतल्यावर जो काळा, दाट, किंचित कडवट पाक उरतो तो मळी. हवेतील ओलावा धरून ठेवण्याचा तिचा गुण आहे, म्हणून बिस्किट मऊ राहते. आणि ती किंचित आम्ल असल्यामुळे सोड्याशी मिळताच पीठ फुगते.

सूनबाईंनी घरी ती करावयाचे ठरविले. साडेतीन वाट्या मैदा, एक वाटी मळी, एक वाटी साखर, अर्धी वाटी लोणी, चमचाभर सोडा, दीड चमचा सुंठ, अर्धा-अर्धा चमचा लवंग व जायफळ, थोडे मीठ. रमऐवजी नुसते पाणी. पीठ रात्रभर थंड ठेवून, पाव इंच जाड लाटून, १९० अंश उष्णतेवर दहा मिनिटे भाजावयाची. पहिला घाणा आमच्यामुळे बिघडला. ‘अजून मऊ आहेत, राहू द्या’ असे आम्हीच सांगितले, आणि निघाल्या त्या कौलासारख्या चकत्या! मध्यभाग मऊ असतानाच बाहेर काढावयाचे असते; निवताना ती आपोआप आळतात.

दुसऱ्या घाण्याचे बिस्किट हाती घेऊन मातोश्रींनी विचारले, “अगं, यात अंडे नाही ना?”

“नाही, आजी.”

मग त्या आमच्याकडे वळल्या. “आणि ही मळी या थंड मुलखात आली कोठून रे?”

आम्ही सांगितले ते असे. मार्बलहेडसारख्या बंदरांतील उत्तम खारवलेला मासा युरोपात जाई. हिणकस मासा वेस्ट इंडीज बेटांवर, उसाच्या मळ्यांतील गुलामांच्या पोटासाठी जाई. आणि परतीच्या जहाजांतून मळीची पिंपे येत. समुद्रानेही गावाकडून आपला वाटा घेतलाच. १८४६ च्या सप्टेंबरातील वादळात गावची अकरा गलबते व ६५ पुरुष आणि मुलगे बुडाले. त्यांचा स्मृतिस्तंभ जुन्या दफनभूमीच्या टेकडीवर आम्ही पाहिला होता. ल्युक्रिशियाबाई त्या वेळी हयात होत्या. १८५७ साली त्या वारल्या.

मातोश्रींचे माहेर कोल्हापूरकडचे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या गुऱ्हाळावर वाटसरूसुद्धा रस प्यायल्याशिवाय जात नसे. त्या ऊस तोडणाऱ्यांना यातले काही मिळत होते का?” आम्हांस उत्तर सुचेना. बिस्किट त्यांनी बशीत तसेच ठेवले. सूनबाईंचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने मात्र त्या म्हणाल्या, “त्या बाईच्या हातचे समजून खाते,” आणि अर्धे मोडून त्यांनी तोंडात घातले.

पुण्यास परतल्यावर आमच्या घरच्या मंडळींनी तीच कृती काकवीत केली. रंग फिका आला, कडवटपणा गेला, मुलांना आवडली, परंतु मातोश्रींनी पहिलाच तुकडा खाऊन सांगितले, “ही निराळी.”