माशीशी ओळख

भाची आटपाडीची, डाळिंबाच्या बागेत वाढलेली. तरी माशी दिसली की ओढणी फडकवून पळणारी. म्हणून आज तिला महाबळेश्वरजवळच्या मांघरला नेलं. २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं हे गाव.

मधपाळाने सातेरी मधमाशांच्या पेटीचं झाकण अलगद काढलं, एक चौकट उचलून उन्हात धरली. पोळ्यावर माशांची हीऽ गर्दी! एक माशी पोट थरथरवत सरळ चालायची, वळसा घालून परत तिथेच यायची. फुलं कुठे आहेत ते ती बाकीच्यांना सांगत होती. सूर्याशी किती कोन धरून जायचं, ते चालण्याच्या दिशेवरून कळतं. किती लांब, ते थरथरीच्या वेळेवरून. ही नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं. भाची ओढणी विसरून पुढे झुकली.

परतीच्या वाटेत तिला कासच्या पठारावरच्या सीतेच्या आसवांबद्दल सांगितलं. जांभळं, नाजूक फूल. पण जमिनीखालच्या चिमुकल्या पिशव्यांत बारीक जीव ओढून गिळणारं. “म्हणजे मामा, तिथं फुलंच किडे खातात?” तिचे डोळे मोठे झाले.

किड्यांची भीती उपदेशाने जात नाही. जवळून बघितलं की कुतूहल तिची जागा घेतं. रात्री तिने वडिलांना फोन लावला, “आबा, बहर चालू आहे तोवर सकाळी फवारू नका. माशा कामावर असतात!”