शब्दाला जागणं

कुंभकोणम, रविवार.

सेंट मेरीज कॅथेड्रलमधली मिस्सा तमिळमध्ये होती. शब्द कळले नाहीत, पण क्रम तोच, त्यामुळे माझ्यासारख्या वसईकराचं काही अडलं नाही. हा धर्मप्रांत 1899 साली पाँडिचेरीतून वेगळा झाला. माझं मन मात्र त्याच्याही शंभर वर्षं मागे, तंजावरच्या मराठी दरबारात फिरतंय.

तिथे तेव्हा ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी होता. (लूथरन! आजीने नाक मुरडलं असतं.) हैदरअलीच्या स्वारीत तंजावरच्या किल्ल्यातला दाणागोटा संपत आला. सरकार पैसे देईल यावर शेतकऱ्यांचा भरवसा उरला नव्हता, म्हणून कुणी बैल देईना. श्वार्ट्झने स्वतःच्या शब्दावर हमी घेतली, आणि थोड्याच दिवसांत सुमारे हजार बैल आले. धान्य किल्ल्यात पोचलं. लोकांचे पैसेही चुकते झाले.

हे चुकते होणं मला प्रवचनापेक्षा मोठं वाटतं. क्षमा, प्रेम यांवर आपण भरभरून बोलतो. घरकामाच्या बाईंचा पगार पाच तारखेवरून दहावर ढकलताना मात्र शुभवर्तमान आठवत नाही.

तंजावरच्या तुळजाजी राजाने मरण्यापूर्वी दत्तक मुलगा सरफोजी श्वार्ट्झच्याच भरवशावर सोपवला. सरफोजी ख्रिस्ती झाला नाही. तरी 1798 मध्ये श्वार्ट्झ वारल्यावर सरफोजीने लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. उद्या सकाळच्या गाडीने बघायला जाणार.