सेल्फ मारण्याआधी

पावसाळ्यात आमच्या जूचंद्र-नायगावच्या खार जमिनीवर बसून चालवायचं गवतकापणी यंत्र उतरवण्यात अर्थ नसतो. चाकं रुततात, ओलं गवत पात्यावरच्या पत्र्याला आतून लिंपल्यासारखं चिकटतं. जूनमध्ये ताडपत्रीखाली गेलेलं यंत्र घटस्थापनेच्या आसपास बाहेर निघतं. गावात दिवाळीच्या रांगोळ्यांची तयारी सुरू होते आणि माझा फोन वाजू लागतो. क्लबचं मैदान असो, किनाऱ्यावरचं रिसॉर्ट असो की महामार्गालगतचं लग्नाचं लॉन, तक्रार एकच: चालू होत नाही.

मी फोनवरच विचारतो, किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतं का? फिरतच नसेल तर दोष बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर आहे. फिरतं पण पेट घेत नसेल तर पेट्रोल, ठिणगी आणि हवा तपासायची. एवढी विभागणी न करता पार्ट बदलायला घेतले की खर्च वाढत जातो आणि दोष जागेवरच राहतो.

किल्ली फिरवूनही कसलाच आवाज नसेल, तर आधी फ्यूज, मग ब्रेक पेडलखालचा स्विच आणि पातं चालू-बंद करणारा स्विच. ब्रेक दाबलेला नसेल किंवा पातं चालूवर राहिलं असेल, तर यंत्र सेल्फला करंट देतच नाही. माळी नवा असला की बरेचदा एवढंच निघतं.

‘टक्’ असा एकच आवाज येऊन सगळं थांबत असेल, तर रिले ओढतोय पण पुढे जोर पोचत नाही. इथे मल्टीमीटर लागतोच. पूर्ण चार्ज असलेली, थोडा वेळ न वापरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली, तर बॅटरीवर संशय घ्यायचा. पण आमच्या भागात बॅटरीच्या आधी अर्थची तार पाहावी. गावाभोवती मिठागरं, पलीकडे खाडी; इथल्या हवेतला खारेपणा नटबोल्ट खातो. चासीला जिथे काळी तार आवळलेली असते तिथे वॉशरखाली गंज धरतो आणि वरून बोल्ट ठणठणीत दिसतो. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर जोर त्या गंजातच संपतोय. पॉलिश पेपर आणि वर ग्रीसचा हात, एवढ्यावर काम होतं.

सगळ्यात जास्त पैसे मात्र तिसऱ्या लक्षणावर वाया जातात. इंजिन अर्धा फेरा फिरतं, अडतं, कण्हतं. वसईजवळच्या एका मैदानावर असंच यंत्र पाहिलं. बॅटरी नवी होती, सेल्फही नवा होता. “दादा, आता काय इंजिनच बदलायचं?” माळीकाकांनी विचारलं. मी हेडवरचं झाकण उघडलं आणि टॅपेटमध्ये फिलर गेज घातला. फट हवी त्याच्या दुपटीहून जास्त. एका सिलिंडरच्या अशा इंजिनात कॅमशाफ्टवर एक छोटी सोय असते: सुरू होताना ती व्हॉल्व्ह अगदी किंचित उचलून दाब थोडा सोडते, म्हणून लहानसा सेल्फ एवढ्या मोठ्या पिस्टनला वर ढकलू शकतो. टॅपेटची फट वाढली की ही उचल फटीतच विरते, पूर्ण दाब सेल्फसमोर उभा राहतो. ही फट मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढी असते, नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. पाना, फिलर गेज आणि शांतपणा, काकांच्या मैदानाला याहून जास्त काही लागलं नाही. दोन नवे पार्ट मात्र फुकट गेले होते. म्हणून अडखळणारं इंजिन दिसलं की नवा सेल्फ आणण्याआधी टॅपेट बघा, हे मी भेटेल त्या माळ्याला सांगतो.

आता फिरतं पण पेटत नाही ते. कार्बोरेटरच्या वाटीखाली पेट्रोल अडवणारा छोटा सोलेनॉइड असेल, तर किल्ली ऑन करताच त्याची ‘टिक’ ऐकू यायला हवी. ती नसेल तर त्याची तार तपासा. टिक येत असेल तर वाटी खोला. देशात 2023च्या फेब्रुवारीपासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. आज बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. या लहान इंजिनांच्या कित्येक पुस्तिका मात्र 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि मुख्य जेट पेट्रोल ओढतो तो नेमका तळाकडून. चार महिने कोकणातल्या दमट हवेत उभी राहिलेली टाकी म्हणजे हेच घडायची जागा. ते पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा, थर डोळ्यांनी दिसतो. जून लागायच्या आत टाकी रिकामी करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून ठेवलं, तर ऑक्टोबरातली अर्धी कामं माझ्याकडे येणारच नाहीत. ती यावीत अशी माझी इच्छाही नाही.

पेट्रोल चांगलं आणि ठिणगी नाही, तर प्लगनंतर कॉइलवरून किल्लीकडे जाणारी बारीक तार काढून बघा. ती काढल्यावर ठिणगी आली तर कॉइल शाबूत. तार उंदरानं कुरतडून पत्र्याला लागलेली असते किंवा सीटखालच्या स्विचमध्ये पाणी असतं. ही चाचणी पेट्रोल सांडलेल्या जागी करू नये आणि तार परत जोडल्याशिवाय यंत्र चालवू नये, कारण तिच्याशिवाय किल्लीनं इंजिन बंद होत नाही.

त्या सीटखालच्या स्विचबद्दल मी कुणाचंच ऐकत नाही. तो बिघडला की “डायरेक्ट करून द्या ना” म्हणतात. पातं चालू असताना चालवणारा सीटवरून उठला किंवा पडला, तर इंजिन बंद करणं हे त्या स्विचचं काम आहे. पात्याचं टोक तासाला 300 किलोमीटरच्या वर जाऊ शकतं. मैदानावर माळ्यांची पोरं खेळत असतात. कुणी डायरेक्ट केलेलं यंत्र माझ्याकडे आलं, तर आधी तो जोड काढतो, नवा स्विच बसवतो आणि मगच मूळ तक्रारीला हात घालतो. ज्यांना हे मान्य नसतं, त्यांचं काम मी घेत नाही.