राणीचा लाडका आर्थर

प्रिय सखे,

पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसली असशील. बस! तुझा रुसवा चहा गाळेपर्यंत टिकतो, हे मला ठाऊक आहे.

तुला सांगते, हल्ली मी एका ड्यूकच्या नादी लागलेय. दात काढू नकोस, तो १९४२ सालीच एक्याण्णवाव्या वर्षी वारला. व्हिक्टोरिया राणीचा तिसरा मुलगा आर्थर, ड्यूक ऑफ कनॉट. दिल्लीच्या ज्या कॅनॉट प्लेसमध्ये तू चपलांवरून तासभर घासाघीस केलीस, ते ह्याच्याच नावाचं.

ह्याचा जन्म १ मे १८५०चा, आणि नेमका त्याच दिवशी म्हाताऱ्या सेनापती वेलिंग्टनचा वाढदिवस. म्हणून नावही त्याचंच. पहिल्या वाढदिवसाचं विंटरहाल्टरने काढलेलं चित्र आहे बघ. १८०३ साली आपल्या असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा तो सेनापती बाळापुढे पेटी धरून लवलाय, आणि बाळ त्याला इवल्याशा पांढऱ्या फुलांची काडी देतंय. राणीची नजर बाळावर, आणि मागे तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट मान वळवून भलतीकडेच पाहतोय. तुझे अहो ग्रुप फोटोत उभे राहतात ना, अगदी तस्से!

मग काय, बाळ लष्करात जाणार हे ठरलेलंच. वूलिचची अकादमी, इजिप्तची लढाई, आणि १८८६ पासून मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती. आईच्या मनात होतं, लेकाने अख्ख्या ब्रिटिश फौजेचा मुख्य व्हावं. पण ती खुर्ची तिच्याच चुलतभावाने, ड्यूक ऑफ केंब्रिजने, ३९ वर्षं अडवलेली. अखेर १८९५ला तो उठला, तर बसला घराबाहेरचा वुल्झ्ली. राणीच्या घरीही आईचं सगळंच चालत नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पण खरी गंमत पुण्यातली. १८८८च्या मार्चमध्ये हरी रावजी चिपळूणकरांनी ह्याला मेजवानी दिली. सगळे जरीत आणि दागिन्यांत, आणि जोतीराव फुले आले शेतकऱ्याच्या वेषात. दारावर अडवलं म्हणे त्यांना. आत जाऊन त्यांनी ड्यूकला सुनावलं, की इथे मिरवणारे म्हणजे तुमच्या आईसाहेबांची प्रजा नव्हे. खरी प्रजा खेड्यात आहे, तिच्या शिक्षणाचं बघा, हे त्यांच्या कानावर घाला. अगं, बिल्ले लावून बसलेल्या राजपुत्राचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल! घशाखाली घास उतरला असेल का?

त्याच्यापेक्षा मला त्याची धाकटी लेक पॅट्रिशिया जास्त आवडली. बाप कॅनडाचा गव्हर्नर जनरल असताना, १९१४ला तिथे तिच्या नावाने पलटण उभी राहिली. पलटणीचा झेंडा हिने स्वतःच्या हाताने भरला, आणि तोच पुढे फ्रान्सच्या रणांगणावर गेला. १९१९ला रॅम्झी नावाच्या नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं, आणि ‘प्रिन्सेस’ ही पदवी आपणहून सोडून दिली. नुसती लेडी पॅट्रिशिया रॅम्झी झाली आणि चित्रं काढत मजेत राहिली.

ही गोष्ट सासूबाईंना मात्र सांगू नकोस. तू माहेरचं आडनाव सोडलं नाहीस, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. पुतण्याच्या मुंजीची पत्रिका कालच आली. तुझं आडनाव त्यांनी पुन्हा परस्पर बदलून छापलंय!

तुझीच,
मी