कागदाचं दुखणं

देवीचे वण आणि बुरशीचे ठिपके जुन्या कृष्णधवल फोटोत पहिल्या नजरेला सारखेच दिसतात. आपल्या देशातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 सालचा. त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या कुणाच्याही गालावर वण असू शकतील, हे धरूनच चालावं लागतं. स्क्रीनवर फोटो मोठा केला की फरक कळू लागतो. वणाला खोली असते. खिडकी डावीकडे असेल तर खळग्याची डावी कड काळपट आणि उजवी उजळ दिसते, नाकाची सावलीही त्याला दुजोरा देते. बुरशीला खोली नसते आणि माणूसही कळत नाही. ती गालावरून पदरावर आणि पदरावरून मागच्या पडद्यावर तशीच पुढे जाते. बुरशी काढायची, वण ठेवायचे. माझ्या कामात कायदा म्हणावा असा हा एवढाच. (स्टुडिओतले जुने रिटचर तो पाळत नसत. ते निगेटिव्हवरच बारीक पेन्सिलीने वण बुजवत. म्हणून एकच आजी स्टुडिओत तुकतुकीत आणि लग्नाच्या पंगतीत वणांची, असंही पाहायला मिळतं.)

जुने फोटो दुरुस्त करण्याचं हे काम मी गिम्प या संगणक-प्रोग्रामवर करते. फुकट मिळतं म्हणून घेतलं, हे खरंच. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये ते लिहायला घेतलं आणि पुढच्या वर्षी लोकांना खुलं केलं. महागड्या सॉफ्टवेअरवर हात बसलेले लोक त्याला नाकं मुरडतात. त्यांचं एक गाऱ्हाणं रास्तही होतं: एकदा फिल्टर लावला की तो चित्रात कायमचा मुरायचा, आणि मत बदललं तर नंतरचं सगळं काम सोडून मागे यावं लागायचं. 2025 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत फिल्टर वेगळा राहतो, महिन्याने फाइल उघडूनही कमी-जास्त करता येतो. घरच्या फोटोंना याहून जास्त काही लागतं असं मला वाटत नाही.

मी सांगलीची, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या फोटोंचा मोठा वैरी पाणी. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा घराघरात शिरली आणि पूर ओसरल्यावर कपाटांतून विटांसारखे कडक झालेले अल्बम निघाले. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. तो भिजला की फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला, नाहीतर फ्रेमच्या काचेला धरून बसतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये; चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. तो काचेसकटच घ्यायचा. स्वस्त स्कॅनरला काचेपलीकडचं धूसर दिसतं, म्हणून अशी फ्रेम मी खिडकीजवळ उभी करते. उजेड बाजूने येऊ देते, खोलीतले दिवे बंद करते, स्टँडवरच्या कॅमेऱ्यामागे काळं कापड धरायला घरातल्या कुणाला तरी उभं करते आणि समोरून फोटो काढते. बाकीचे सगळे स्कॅनरवर, 600 डीपीआयला. आणि फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच.

त्यामागे कारण आहे. चहाचा किंवा गढूळ पाण्याचा पिवळा-तांबूस डाग निळा प्रकाश गिळतो आणि लाल बराचसा परत पाठवतो. गिम्पमध्ये चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग सुटे करता येतात. निळ्या भागात तो डाग काळाकुट्ट दिसतो, हिरव्यात फिका, आणि लाल भागात पुष्कळदा दिसतच नाही. मग लाल भाग तेवढा ठेवायचा, उरलेले दोन टाकून द्यायचे. ब्रश हातात न घेता अर्धं काम होतं. पण स्कॅनच करड्या रंगात केला असेल तर डाग आणि फोटो एकजीव झालेले असतात, मग काही चालत नाही. पुण्या-मुंबईहून स्कॅन पाठवणाऱ्या भाच्यांना हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला.

रंगीत फोटोंची तऱ्हा वेगळी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले पुष्कळ प्रिंट ट्रंकेच्या अंधारात राहूनही तांबडे पडतात, कारण त्यांच्यातला सायन म्हणजे निळा-हिरवा रंग आधी उडतो. गिम्पच्या लेव्हल्स या साधनात तिन्ही रंगांची टोकं एकेक करून जागेवर आणायची, हा सरळ रस्ता. जवळचा रस्ता म्हणजे चित्रातली एखादी पांढरी किंवा करडी वस्तू टिपून प्रोग्रामला सांगायचं, हिला कुठलाच रंग नाही असं धर. आपल्याकडे घोटाळा होतो तो इथे. आजोबांचं धोतर पांढरं नसतं, त्याला नीळ दिलेली असते. मागच्या भिंतीच्या चुन्यातही नीळ असते. त्यांना पांढरं मानलं की प्रोग्राम सगळ्या चित्रातून तेवढा निळा काढून घेतो आणि अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ होते. मी पिकलेले केस शोधते, नाहीतर सिमेंटची पायरी.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती चीर. घडी पडलेल्या फोटोत ती गालावरून निघते, कान ओलांडते आणि मागच्या भिंतीपर्यंत जाते. गालावर हील हे साधन चांगलं. जिथून उचलाल तिथला पोत ते घेतं, पण उजेड-सावली मात्र जिथे लावाल तिथली राखतं, त्यामुळे ठिगळ दिसत नाही. कानाशी, जिथे केस संपून भिंत सुरू होते, तिथे तेच हील दगा देतं. केसांचा काळेपणा भिंतीत उतरतो आणि कडेला मळकट पट्टा तयार होतो. तिथे क्लोन हे साधन घ्यायचं, ब्रश लहान आणि कडक काठाचा, आणि उचलायचं त्याच कडेवर जरा वरून. सगळं वेगळ्या लेअरवर, म्हणजे मूळ चित्राला धक्का नाही. चीर डोळ्यावरून गेली असेल तर दुसरा डोळा उलटा करून बसवा, असा सल्ला सर्रास मिळतो. मी तो मानत नाही. कुणाचेही दोन डोळे सारखे नसतात. शिवाय बुबुळातली उजेडाची टिकली उलट्या बाजूला जाते. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण माणूस ओळखीचा वाटेनासा होतो. त्यापेक्षा डोळ्यावर पुसटशी रेघ राहिलेली परवडली.

फोटो घ्यायला येणारे हळूच विचारतात, ‘‘काकू, आजी जरा गोरी करता येईल?’’ येईल, गिम्पच्या कर्व्ह्ज या साधनात मिनिटभराचं काम आहे. मी करत नाही. सुरकुत्या, चामखीळ, पुढे आलेला दात, यांतलंही काही काढत नाही. काहींना राग येतो, मग ते फोनवरचं ॲप वापरतात. ही ॲप एका बोटात फोटो लखलखीत करतात. धूसर चेहऱ्यात जी माहितीच उरलेली नाही, ती ढिगभर परक्या चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने भरतात. पापण्या येतात, दात येतात, पण ते दात आजोबांचे नसतात, आणि आजीच्या नथीची बघता बघता चमकी होते. असा फोटो कुणी दाखवला की मी छान म्हणते आणि विषय बदलते. भिंतीवर लावायला तो ठीक आहे, पण घराण्याचा पुरावा म्हणून त्याला किंमत नाही.

दिवाळीची आवराआवर करताना जुना अल्बम हाती लागला, तर दुरुस्तीच्या नादाला लागण्याआधी मूळ स्कॅन जसाच्या तसा दोन ठिकाणी ठेवा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, साल, कुणाचं तरी अक्षर तिथेच असतं. फोटोतल्या माणसांची नावं घरातल्या थोरल्यांना विचारून मागे लिहून ठेवा. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि तो पुसायला पुन्हा माझ्यासारखीकडे यावं लागतं.