फर्मा आणि नाईट

बालनाट्यात नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळते ती प्रयोग संपल्यावर, पाकिटात. पुस्तकाची रॉयल्टी वर्षातून एकदा, तीही आठवण केली तर. या दोन्हींवर घर चालवलं म्हणायला छाती हवी. आमचं घर नवऱ्याच्या नोकरीवर चाललं.

नाटक आणि पुस्तकं असा हा दुहेरी संसार मी शोधून काढलेला नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हा रंगमंचावर आणलेलं 'मधुमंजिरी' रत्नाकर मतकरींचं होतं. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'त चेटकीण झालेल्या दिलीप प्रभावळकरांनी पुढे मुलांसाठी 'बोक्या सातबंडे' लिहिला. आम्ही त्याच वाटेनं मागून निघालेली माणसं.

लिहायला मला शिकवलं ते प्रेक्षागृहानं. मोठी माणसं कंटाळली की जांभई दाबतात. मुलं सरळ म्हणतात, "आई, सू!" एका रांगेतून सुरू झालेली ही साथ चार रांगांत पसरली, की प्रवेश लांबलाय हे समजायचं आणि पुढच्या प्रयोगाआधी कात्री लावायची. इतकं प्रामाणिक परीक्षण मला कुठल्याही पुरवणीत वाचायला मिळालं नाही.

पुस्तकात हेच वेगळ्या रूपात भेटतं. सोळा पानांचा फर्मा; गोष्ट त्यात बसलीच पाहिजे. एका पुस्तकात चित्रकारानं राक्षस आणि त्याला बघून दचकलेली मुलगी समोरासमोरच्या पानांवर काढली होती. चित्र सुरेख, पण पान उघडताक्षणी सगळं संपलेलं. शेवटी प्रकाशकाच्या ऑफिसात मी कपाटाआड उभी राहिले आणि आधी नुसती ओढणी बाहेर काढून हलवली. चहा घेऊन आलेला मुलगा खुदकन हसला. "राक्षसाची एन्ट्री अशी हवी," मी म्हटलं. मग उजव्या पानावर फक्त शेपटी आली, आणि राक्षस पान उलटल्यावर.

बालसाहित्यातला लाडिकपणा मला सोसत नाही, तोही नाटकामुळेच. 'इवलंसं, गोजिरवाणं' म्हणत नट बोलायला लागला की मुलं वेफर्सची पिशवी उघडतात. म्हणून तालमीच्या मधल्या सुट्टीत मी नव्या गोष्टीचा खर्डा मुलांना वाचून दाखवते. चुळबुळ झाली तिथे समासात फुली.

मुलांसाठी लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं: हस्तलिखित प्रकाशकाकडे देण्याआधी अनोळखी मुलांपुढे मोठ्यानं वाचा. स्वतःच्या नातवंडांपुढे नको. ती खाऊच्या आशेनं ऐकून घेतात.