नकाशावरची रेघ

यंदाच्या वर्षावासात आमच्या विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन रोज संध्याकाळी होत होते. वाचन झाले, वंदना झाली की मंडळी आपापल्या घरी जातात. आम्ही उभयता मात्र घरी आल्यावर आणखी अर्धा तास काही ना काही वाचतो. नोकरी आणि संसार यांत वाचनाची जी उधारी राहिली, ती आता फेडणे चालले आहे. या खेपेस महात्मा जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' हाती घेतली. रविवार असल्याने नातही घरी होती. ती नुकतीच पुण्यात नोकरीला लागली आहे आणि खोली मिळेपर्यंत मैत्रिणीकडे राहते.

'गुलामगिरी' १८७३ सालची. पुस्तक उघडले की आधी अर्पणपत्रिका लागते. काळ्या गुलामांना दास्यातून सोडविण्यासाठी अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी झीज सोसली, त्यांना जोतीरावांनी हे पुस्तक अर्पण केले आहे. आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. हे आम्ही आजवर कितीदा वाचले असेल, भाषणांतून ऐकले असेल! नातीने मात्र मध्येच विचारले, "पण आजोबा, असे भले लोक होते तरी किती? अर्धा देश तर गुलामगिरी टिकवायला लढला ना?"

खरे सांगायचे तर आम्हांला उत्तर देता आले नाही. लिंकन साहेबांनी गुलामांना मुक्त केले, एवढेच आम्हांला ठाऊक. मग वाचनालयातून पुस्तके आणली, नातीनेही काही आणून दिली. दोन महिने तेच वाचले. त्यातून जे कळले आणि त्यावरून घरात जो वाद झाला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. त्या मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द कोठेही नाही. पण गुलामगिरी मात्र पानोपानी दडलेली आहे. प्रतिनिधी किती निवडायचे हे ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला. गुलामाला मत नव्हते. पण त्याच्या डोक्याच्या मोजणीवर त्याच्याच मालकाच्या जागा वाढत होत्या! पळून गेलेला गुलाम परत करावा, असेही कलम होते. नाव घ्यायचे नाही आणि व्यवस्था मात्र पक्की करायची, ही कला आपल्याकडच्याच धर्मशास्त्रकारांना येत होती असे नाही.

तेव्हा पुष्कळांना वाटत होते की ही प्रथा आपोआप विझेल. पण १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र निघाले आणि कापसाला सोन्याचे दिवस आले. कापूस जमीन झिजवतो, म्हणून मळेवाल्यांना सतत नवी जमीन हवी. ही नवी जमीन आली कोठून? १८०३ साली फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेतला. १८३० साली कायदा करून दक्षिणेतल्या आदिवासींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकलण्याचा मार्ग मोकळा केला. चेरोकी लोकांची ती पायपीट १८३८-३९ सालची. वाटेत थंडीने, रोगाने, उपासमारीने सुमारे चार हजार माणसे मेली असे सांगतात. त्यांच्या रिकाम्या केलेल्या जमिनीत कापूस उभा राहिला आणि त्यात राबायला जुन्या राज्यांतून गुलाम विकत आणले गेले. बाप एका मळ्यावर, आई दुसऱ्या, लेकरू तिसऱ्या. १७९० साली त्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० साली त्यांची संख्या साडेएकोणचाळीस लाखांवर गेली.

आता भांडण लागले ते असे. पश्चिमेकडे नवी राज्ये होणार, तर त्यांत गुलाम ठेवायचे की नाही? १८१९ साली गुलामांची अकरा राज्ये आणि मुक्त अकरा राज्ये, असे पारडे समतोल होते. त्यातच मिसुरीने गुलामांसह प्रवेश मागितला. बराच खल होऊन १८२० साली तडजोड झाली. मिसुरी गुलामांचे, मेन मुक्त. आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांवर नकाशावर एक रेघ ओढली. मिसुरी वगळता रेघेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही, दक्षिणेला आहे.

नात म्हणाली, "म्हणजे गावात असते तशी. या बाजूला गाव, त्या बाजूला वस्ती."

ही रेघ चौतीस वर्षे टिकली. देश शांत राहिला असे पाठ्यपुस्तके सांगतात. कुणासाठी शांत? रेघेखालच्या माणसाला बाजारात उभे करून दात तपासले जातच होते. अक्षरओळख शिकविणे हा कित्येक दक्षिणी राज्यांत गुन्हा होता.

पुढे १८४६ ते १८४८ या काळात अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध केले आणि कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख घेतला. मेक्सिकोने १८२९ सालीच गुलामगिरी बंद केली होती. म्हणजे मुक्त जमिनीवर गुलामगिरी नेण्याचा प्रश्न आता आला. १८५० साली पुन्हा तडजोड झाली. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांविषयीचा कडक कायदा मिळाला. या कायद्यातली एक गोष्ट वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. पकडलेल्या माणसाला मालकाच्या हवाली केले तर आयुक्ताला दहा डॉलर मिळत आणि सोडून दिले तर पाच. पकडलेल्याला स्वतःची साक्ष देण्याची मुभा नव्हती.

पण याच कायद्याने उत्तरेची झोप उडवली. तोवर गुलामगिरी दूर कुठेतरी होती, आता ती त्यांच्याच गल्लीत माणसे पकडायला येऊ लागली. १८५२ साली हॅरिएट बीचर स्टोव यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली आणि पहिल्याच वर्षी त्या देशात तिच्या तीन लाख प्रती खपल्या. १८५४ साली सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कॅन्सास-नेब्रास्काचा कायदा आणून जुनी रेघच पुसली. तेथल्या वसाहतवाल्यांनी मते देऊन ठरवावे, असा त्यांचा तोडगा. ज्यांच्या माना जोखडात होत्या त्यांना मत नव्हतेच. दोन्ही बाजूंची माणसे बंदुका घेऊन कॅन्सासमध्ये उतरली आणि रक्त सांडले. १८५६ साली तर सिनेटच्या सभागृहातच चार्ल्स समनर या गुलामगिरीविरोधी सभासदाला दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले.

येथे एक कबुली दिली पाहिजे. उत्तरेतले सगळेच काही गुलामांच्या कळवळ्याने बोलत नव्हते. पुष्कळांना पश्चिमेची जमीन फक्त गोऱ्या शेतकऱ्यासाठी हवी होती. काळा माणूस गुलाम म्हणूनही नको आणि शेजारी म्हणूनही नको! ऑरेगॉनने १८५७ साली घटना केली, तीत गुलामगिरीला बंदी घातली आणि काळ्या माणसाला नव्याने राहायला येण्यासही बंदी घातली. नातीला जे खटकले होते ते खोटे नव्हते. भले लोक थोडेच होते.

पण ते होते. आणि आम्हांला सर्वांत जवळचे वाटले ते एक कुटुंब. ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट. ड्रेडचा मालक लष्करातला डॉक्टर. त्याच्याबरोबर ड्रेड इलिनॉय या मुक्त राज्यात राहिला, मग रेघेच्या उत्तरेला फोर्ट स्नेलिंग येथे राहिला. तेथेच हॅरिएटशी लग्न झाले. पुढे त्यांना परत मिसुरीत आणले. एलायझा आणि लिझी या दोन मुली. मुली मोठ्या होऊ लागल्या की विकल्या जाणार, हे कोणत्या आईबापांना कळत नाही? १८४६ साली सेंट लुईसच्या न्यायालयात नवराबायको दोघांनी अर्ज केले, की आम्ही मुक्त भूमीवर राहिलो, आम्ही मुक्त आहोत. दोघांनाही लिहिता येत नव्हते. सहीच्या जागी खूण केली.

खटला अकरा वर्षे चालला. १८५० साली ते जिंकले, १८५२ साली वरच्या न्यायालयात हरले. ६ मार्च १८५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश रॉजर टॉनी यांनी निकाल दिला. काळा माणूस, मग तो गुलाम असो वा मुक्त, या देशाचा नागरिक नाही, आणि नव्या मुलखात गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार संसदेला नाही. सात न्यायाधीश या बाजूला, दोन विरुद्ध. प्रश्न कायमचा मिटवावा म्हणून दिलेल्या या निकालाने आगीत तेल ओतले. १८६० साली लिंकन निवडून आले, डिसेंबरात साउथ कॅरोलिना फुटून निघाले, एप्रिल १८६१ मध्ये तोफा सुरू झाल्या. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने त्या देशात जन्मलेल्या काळ्या माणसाला नागरिकत्व दिले.

ड्रेडला निकालानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या जुन्या मालकाच्या मुलाने मुक्त केले. १८५८ साली तो वारला. हॅरिएट मात्र १८७६ पर्यंत जगली. लोकांचे कपडे धुऊन तिने पोट भरले, पण मुली तिच्याजवळ राहिल्या. म्हणजे जोतीराव पुण्यात बसून अर्पणपत्रिका लिहीत होते, तेव्हा सेंट लुईस शहरात हॅरिएट स्कॉट जिवंत होती. हे ध्यानात आले तेव्हा आम्ही बराच वेळ बोललो नाही. जोतीरावांना तिचे नाव ठाऊक होते की नाही, कोण जाणे. पण अर्पणपत्रिकेतल्या भल्या लोकांत आम्ही तिला धरले आहे.

आता घरातला वाद. नातीला पुण्यात एक खोली आवडली होती. मध्यस्थाने फोनवर पूर्ण नाव विचारले. तिने आम्हांला विचारले, काय सांगू? आम्ही दोघेही एका सुरात म्हणालो, "आडनाव सांगू नकोस. वडिलांचे नाव सांग आणि गप्प बस."

हे आम्ही सहज बोललो, कारण आम्ही हेच केले होते. चाळीस वर्षांपूर्वी बदलीच्या गावी खोली घेताना आम्ही आडनावाच्या जागी गावाचे नाव पुढे केले. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवला. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला दार लावून मेणबत्ती लावायची, वंदना मनातल्या मनात म्हणायची. तीन वर्षे असे काढले. त्याला आम्ही तडजोड म्हणत होतो.

नात म्हणाली, "मग हीसुद्धा रेघच की."

आम्हांला राग आला. मिसुरीची तडजोड गोऱ्यांनी गोऱ्यांशी केली, गुलामांना कुणी विचारले नव्हते. आम्ही जे केले ते पोराबाळांच्या डोक्यावर छप्पर हवे म्हणून. आम्ही तिला फ्रेडरिक डग्लस यांचा दाखला दिला. हा सिनेटर डग्लस नव्हे. हा गुलामीत जन्मलेला, भाकरीचे तुकडे देऊन गोऱ्या पोरांकडून अक्षरे शिकलेला. १८३८ साली तो खलाशाच्या वेषात, दुसऱ्याचे कागद खिशात घालून आगगाडीने पळाला आणि त्याने आडनावही बदलले. म्हणजे नाव लपविणे हा भेकडपणाच असतो असे नाही.

ती म्हणाली, "बरोबर आहे. पण १८४५ साली त्याने पुस्तक लिहून आपले खरे नाव आणि मालकाचेही नाव छापले. पकडले जाण्याचे भय होते, म्हणून इंग्लंडला जावे लागले. तिथल्या मित्रांनी पैसे जमवून त्याच्या मुक्ततेचा कागद केला. लपला तो सुटण्यापुरता. तुम्ही तर अजून मला लपायला सांगताय."

यावर आम्ही काय बोलणार? बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले, हार्लेमच्या शेजारीच त्यांचे विद्यापीठ. १९४६ साली त्यांनी डॉ. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य दाखविले. गुलामगिरी उघड असते, अस्पृश्यता आडून वार करते, हे त्यांनीच आपल्याला समजावून दिले. आडनाव विचारणारा माणूसही आडूनच वार करतो. 'जात कोणती' असे तो विचारीत नाही. खोलीविषयी नंतर 'कळवतो' म्हणतो.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आमची ती तीन वर्षे चुकीची होती, असे आजही आम्ही म्हणणार नाही. ज्या भगिनी-बांधवांना आज तसे राहावे लागते, त्यांनाही दोष देणार नाही. पण आमची भीती आम्ही नातीच्या शिदोरीत बांधून देत होतो, एवढे मात्र खरे.

नातीने मध्यस्थाला आडनावासह पूर्ण नाव सांगितले. त्याने 'कळवतो' म्हटले आणि कळवले नाही. खोली अजून मिळालेली नाही. येत्या रविवारी दुसरी एक खोली पाहायची आहे. या वेळी आम्ही दोघेही तिच्याबरोबर जाणार आहोत आणि नाव विचारले तर तिघेही पूर्ण नाव सांगणार आहोत.

जयभीम!